कागदावरचा एक शब्द आणि लेकीचं एक वर्ष

रानातून आला असाल, दिवाबत्तीची वेळ झाली असेल. हातातलं काम चालू राहू द्या, पण कान इकडं द्या. आज आम्ही शाळा-कॉलेजच्या कागदांवर जे इंग्रजी शब्द असतात, त्यांच्याबद्दल बोलणार आहोत.

आम्ही कुणी शिक्षिका नाही. बीड जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या बाया आहोत. कुणी चौथी शिकलेली, कुणी दहावी, तर दोघी आत्ताआत्तापर्यंत अंगठा लावणाऱ्या. निम्म्या घरांतून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. मग आम्हाला इंग्रजीची उठाठेव कशाला? त्याचं कारण आधी सांगतो.

आमच्यातल्या एकीच्या मुलीला बारावीनंतर एका कॉलेजात जागा मिळाली. पैसे भरले, पावती मिळाली, गावात पेढे वाटले. पावतीवर इंग्रजीत एक ओळ होती, तिच्यात ‘प्रोव्हिजनल’ असा शब्द होता. कुणाला वाटलं कॉलेजचं नाव असेल, कुणाला वाटलं कोर्सचं. पावती पेटीत ठेवून मायबाप कारखान्यावर गेले. पोरगी आजीजवळ राहिली, कॉलेज सुरू व्हायची वाट बघत. कागद पुरे करायची तारीख निघून गेली आणि जागा दुसऱ्याला मिळाली. प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता. राहिलेले मूळ कागद ठरल्या दिवसापर्यंत आणून द्या, तरच प्रवेश पक्का, एवढंच त्या ओळीत लिहिलेलं होतं.

एक वर्ष गेलं. आपल्याकडं पोरीचं वर्ष गेलं की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. घरात बसलीच आहे तर उरकून टाका, असं चार लोक म्हणायला लागतात. तिला बघायला दोन ठिकाणची माणसं येऊन गेली. माय अडून बसली म्हणून पोरगी वाचली. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा अर्ज भरला. त्या सालापासून आमच्या गटात एक वही आहे. जो कागद कळला नाही, त्यातला शब्द त्या वहीत उतरायचा आणि विचारून त्याचा अर्थ लिहायचा. आज त्या वहीतलंच थोडं सांगतो.

पहिला शब्द बोनाफाईड. हा मुळात इंग्रजी सुद्धा नाही, लॅटिन आहे. त्याचा अर्थ खऱ्या मनानं, सचोटीनं. शाळेच्या बोलीत बोनाफाईड म्हणजे हा विद्यार्थी खरोखर आमच्या शाळेत सध्या शिकतो आहे, असा दाखला. बसचा पास, शिष्यवृत्ती, वसतिगृह, सगळीकडं तो मागतात. मूल शाळेत असेपर्यंत तो कितीही वेळा मिळतो.

दुसरा एल.सी. म्हणजे लिव्हिंग सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला. यालाच टी.सी., म्हणजे ट्रान्सफर सर्टिफिकेट, असंही म्हणतात. बोनाफाईड ‘आहे’ म्हणतो, एल.सी. ‘होता’ म्हणतो. एवढं ध्यानात ठेवलं तर खिडकीवरून परत यावं लागत नाही. एल.सी.ची मूळ प्रत पुढच्या शाळेत किंवा कॉलेजात जमा होते, म्हणून देण्याआधी झेरॉक्स काढून ठेवा. त्यावरचं नाव, जन्मतारीख आणि जात पोरगी शाळेत असतानाच नीट बघून घ्या. शाळा सुटल्यावर एक अक्षर बदलायचं म्हटलं तरी लई हेलपाटे पडतात.

तिसरा मायग्रेशन. हा शब्द ऐकून आमच्या गटात सगळ्या हसल्या होत्या. मायग्रेशन म्हणजे स्थलांतर, ते तर आम्ही दरवर्षी करतो, त्याचं सर्टिफिकेट आणखी वेगळं काढायचं का? तर कॉलेजचं मायग्रेशन सर्टिफिकेट वेगळं. एक बोर्ड किंवा एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात जायचं असेल, तर पहिल्याकडून ते घ्यावं लागतं. आपल्या जिल्ह्यातली कॉलेजं छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. तिथून पदवी घेऊन मुलगी पुण्याच्या विद्यापीठात निघाली, तर हा कागद लागणार.

आणि ज्या मायग्रेशनला आपण स्थलांतर म्हणतो, त्याचाही एक कागद आहे, तो मात्र आपल्यातल्या पुष्कळ जणींना ठाऊक नसतो. त्याला शिक्षण हमी कार्ड म्हणतात. मूल आईबापाबरोबर तोडीला निघालं तर शाळेतून ते कार्ड मागून घ्यायचं. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवलं की मुलाला त्याच्या वर्गात बसवून घेतात. कार्ड नसेल, टी.सी. नसेल, तरी घाबरायचं नाही. शिक्षण हक्क कायदा, ज्याला आर.टी.ई. म्हणतात, तो 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. 6 ते 14 वर्षांच्या मुलाला टी.सी. आली नाही किंवा जन्माचा दाखला नाही, एवढ्यावरून प्रवेश नाकारता येत नाही, असं त्यात लिहिलेलं आहे.

आता एक कडू शब्द. ड्रॉपआऊट. म्हणजे गळालेला, शाळा सुटलेला. मूल दिवाळीनंतर दिसेनासं झालं की त्याच्या नावापुढं हा शब्द लागण्याची भीती असते. आमचं म्हणणं एवढंच आहे, की झाडावरून फळ गळतं ते आपोआप. आपलं लेकरू गळालेलं नाही, ते पोटामागं मायबापाबरोबर गेलेलं आहे. म्हणून निघण्याआधी शाळेत जाऊन गुरुजींना सांगा, कुठं चाललो ते लिहून द्या, कार्ड घ्या. मूल आजीजवळ राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या हंगामात अशी वसतिगृहं शाळांमधून चालवली जातात. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजनाही आहे, तिची माहिती समाजकल्याणच्या कार्यालयात मिळते. पण हे विचारायचं ते गाडी भरण्याच्या आदल्या दिवशी नव्हे. पोळा झाला की विचारा.

त्याच कायद्यातला आणखी एक शब्द एस.एम.सी. म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. सरकारी आणि अनुदानित शाळेत ही समिती असावीच लागते. तिच्यात चारातले तीन भाग पालक असतात आणि समितीत निम्म्या बाया असाव्या लागतात. पुष्कळ गावांत त्या बाया फक्त सहीच्या धनी असतात. तुमच्या गावच्या समितीत कोणत्या बाया आहेत ते विचारा. त्या आपल्या गटातल्याच निघतील, आणि वसतिगृहाचा विषय त्यांनीच मांडायचा आहे.

‘प्रमोटेड’ आणि ‘डिटेन्ड’ हे निकालावरचे शब्द. प्रमोटेड म्हणजे वरच्या वर्गात घातला. डिटेन्ड म्हणजे त्याच वर्गात ठेवला. 2019 साली कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून पाचवी आणि आठवीत नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आहे. पण आधी दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यावी लागते, आणि आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. निकाल घेतला की फेरपरीक्षा कधी, हे लगेच विचारा.

कॉलेजात गेल्यावर ए.टी.के.टी. हा शब्द येतो. ‘अलाऊड टू कीप टर्म्स’ याची ही चार अक्षरं. म्हणजे एखाद-दुसरा विषय राहिला, तरी पुढच्या वर्गात बसू देतात, तो विषय नंतर सोडवायचा. आमच्यातल्या एका घरात ए.टी.के.टी. म्हणजे पोरगी नापास, असं समजून तिची वह्या-पुस्तकं बांधून ठेवली होती. ती नापास होऊन घरी बसायच्या लायकीची झालेली नव्हती. तिला एक विषय सोडवायचा होता, एवढंच.

आता पैशाचे शब्द. सगळ्यात जास्त फसगत ‘ट्यूशन’ शब्दात होते. आपण ट्यूशन म्हणतो ती खाजगी शिकवणी. कॉलेजच्या कागदावरची ट्यूशन फी म्हणजे कॉलेजनं शिकवण्याची मुख्य फी. 2024-25 पासून राज्य सरकारनं आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. घरचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असावं आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा, अशा अटी आहेत. एका मावशीनं हे ऐकलं आणि म्हणाली, “आमच्या पोरीला कुठं ट्यूशन लावलंय, मग आपल्याला काय त्याचं?” शब्द कळला नाही तर हक्क दारातून परत जातो, तो असा. आणि माफी ट्यूशन आणि परीक्षा फीची आहे, हेही नीट ऐका. वसतिगृह, मेस, पुस्तकं यांचे पैसे वेगळे पडतात. त्यांची तजवीज आधीच करायला हवी.

‘स्कॉलरशिप’ म्हणजे शिष्यवृत्ती. ‘फ्रीशिप’ म्हणजे फीची माफी, तिच्यात हातखर्चाचे पैसे मिळत नाहीत. ‘लोन’ म्हणजे कर्ज, ते फेडायचं असतं. हे तीन वेगळे आहेत. कुणी म्हणालं, सही करा, पैसे मिळतील, तर पहिला सवाल हाच, की हे फेडायचे का? आपल्याला उचल म्हणजे काय ते चांगलं ठाऊक आहे. ‘प्री-मॅट्रिक’ म्हणजे दहावीपर्यंतची, ‘पोस्ट-मॅट्रिक’ म्हणजे दहावीनंतरची. आपले आजे दहावीला मॅट्रिकच म्हणायचे, तोच हा शब्द. ‘रिफंडेबल’ म्हणजे परत मिळणारे, ‘नॉन-रिफंडेबल’ म्हणजे परत न मिळणारे. डिपॉझिट भरलं असेल तर पावती जपा, कोर्स संपल्यावर ते मागून घ्यायचं असतं.

शेवटी तीन छोटे शब्द. ‘मॅन्डेटरी’ म्हणजे द्यावंच लागणारं. ‘ऑप्शनल’ म्हणजे दिलं तर दिलं. ‘लास्ट डेट’ म्हणजे शेवटची तारीख. अर्ज हातात आला की आधी हे तीन शोधा आणि त्यांच्याखाली पेन्सिलनं रेघ ओढा. ‘प्रोव्हिजनल’ दिसला तर दोन रेघा ओढा.

काही जणी म्हणतील, एवढं इंग्रजी आम्हाला या वयात कुठं जमायचं? तर थोडं मागं जाऊन बघा. आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, 17 सप्टेंबर 1948 ला तो भारतात आला. तोवर सरकारी कारभार उर्दूत चालायचा. दाखला, हजेरी, गैरहजर हे शब्द मुळात अरबी-फारसीतून आलेले. आज ते आपल्या चुलीजवळचे झाले. बोनाफाईडही होईल. सावित्रीबाईंनी 1854 साली ‘काव्यफुले’ छापलं, त्यात दीनदुबळ्यांनी इंग्रजी शिकावं असा आग्रह त्यांनी धरला होता. तेव्हा लोक शेण मारायचे. आपल्याला तर फक्त खिडकीवर उभं राहून विचारायचं आहे.

आणि विचारायचं कसं, तेही ठरवून टाका. आम्ही असं विचारतो: “साहेब, या ओळीचा अर्थ मराठीत सांगा. यात आम्हाला काय करायचंय आणि कोणत्या तारखेपर्यंत?” सांगतील ते तिथंच कागदाच्या पाठीवर लिहून घ्यायचं. लिहिता येत नसेल तर पोरीला बरोबर न्यायचं. कुणी वैतागलं तर वैतागू द्यावं. वर्ष आपलं जातं, त्यांचं नाही.

या आठवड्यात एक काम करा. पेटीतला शाळेचा एक कागद गटाच्या बैठकीला घेऊन या. बचतीचा हिशेब झाला की तो मध्ये ठेवा आणि ज्या शब्दावर अडाल तो वहीत उतरवा. गावात कॉलेजला जाणारी एखादी मुलगी असेलच, ती सांगेल. आमच्या गटाची वही आता तीच मुलगी लिहिते, जिचं एक वर्ष गेलं होतं. पहिल्या पानावर तिनं मोठ्या अक्षरात ‘प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता’ असं लिहून ठेवलं आहे.

बरं तर, बायांनो, आता भाकरीकडं बघा. नमस्कार.