कागदावरचं प्राणिसंग्रहालय



"निवृत्तीनंतर काय करतेस?" असं सकाळपासून सगळे विचारताहेत. एकदाच उत्तर देते. मी प्राणिसंग्रहालय चालवते, रत्नागिरीजवळच्या एका सड्यावर. पण हसू नका, ते सगळं कागदावर आहे! आलेखाचे कागद, पट्टी, पेन्सिल आणि हिशेबाची वही एवढंच भांडवल.

या खेळाचा नियम एकच. जे खरोखर उभं राहू शकणार नाही, ते नकाशात घ्यायचं नाही. सरकारी नियमही पाळायचे. आठवड्यातून एक दिवस प्रेक्षकांना सुट्टी आणि भोवती किमान दोन मीटर उंच भिंत. एक किलोमीटर भिंतीला, चिऱ्याचं तोंड 14 बाय 7 इंच धरलं, तर सुमारे 30 हजार चिरे लागतात.

मग पाणी. सर, तुम्ही शिकवलेली हौदाची गणितं आता कामाला आली. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे एका एकरावर एक कोटी वीस लाख लिटरहून जास्त पाणी. आणि मे महिन्यात सडा कोरडा ठणठणीत! म्हणून माझ्या नकाशात पिंजऱ्यांच्या आधी गटारं आणि साठवण टाकी आली.

नातवाला पेंग्विन हवे होते. मुंबईत राणीच्या बागेत 2016 साली हम्बोल्ट पेंग्विन आले, ते त्याने पाहिले होते. त्यांना बारा महिने गारवा लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते, हे त्याला मोजायला सांगितलं. आठवड्याभरात त्यानेच पेंग्विन खोडले. शेकरू राज्यप्राणी खरा, पण तो उंच झाडांच्या शेंड्यांवरून फिरतो. सड्यावर तशी झाडं कुठली? तोही गेला.

खवल्या मांजर मात्र मनातून जाईना. ते मुंग्या आणि वाळवी खाऊन जगतं, त्यामुळे पिंजऱ्यात सांभाळणं फार अवघड. ओडिशात नंदनकाननला त्यासाठी खास केंद्र आहे. आपल्या जिल्ह्यात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने त्याच्या रक्षणासाठी गावोगावी काम केलं आहे. म्हणून मी पिंजरा काढला नाही, फक्त पाटी लिहिली: 'हा प्राणी इथे नाही. तो तुमच्या गावच्या डोंगरात आहे. त्याला तिथेच राहू द्या.'

शेवटी उरला बिबट्या. तोही फक्त जायबंदी, जंगलात परत सोडता न येणारा. रोज तीन किलो मांस आणि आठवड्याला एक उपास धरला, तरी वर्षाला नऊशे किलोंहून जास्त लागतं, तेही त्याच्या आयुष्यभर. हा आकडा मांडल्यावर मी उलटा हिशेब केला. तो इथे येतो कशामुळे? कुणाच्या फासकीत अडकून, नाहीतर कठडा नसलेल्या विहिरीत पडून. एका विहिरीच्या कठड्याला किती चिरे लागतील? माझ्या भिंतीच्या तीस हजारांपुढे मूठभरच!

माझ्या नकाशातला तो पिंजरा रिकामा राहावा, अशी माझी इच्छा आहे. आपल्यापैकी अनेकांच्या बागा आहेत, बागेत विहिरी आहेत. उद्या घरी गेलात की आपल्या विहिरीला कठडा आहे का, तेवढं बघा. नसेल तर बांधून घ्या. चिऱ्यांचा हिशेब मी फुकट करून देईन.