हातखंब्याला वळायचं का?



श्रावण सरत आला की लालबागपासून विरारपर्यंत आणि ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत कोकणातल्या माणसांच्या घरी एक वाद ठरलेला. गणपतीला गावी जायला गाडी किती वाजता काढायची? एकाचं म्हणणं रात्री दहा, म्हणजे वाहतूक कमी. दुसऱ्याचं म्हणणं पहाटे तीन, म्हणजे उजाडायच्या आत वडखळ मागे पडेल. या गलक्यात मागच्या सीटवरून, बहुधा आईकडून किंवा आजीकडून, एक प्रश्न हळूच येतो: "जाताना हातखंब्याला वळायचं का?"

हातखंबा हा मुंबई-गोवा महामार्गावरचा तिठा. तिथून रत्नागिरी शहर बारा-तेरा किलोमीटर आत. गाडीला जायचं असतं कणकवलीला, कुडाळला, नाहीतर कसालवरून मालवणला. पण रत्नागिरीत मावशी राहते. तिची तब्येत हल्ली बरी नसते. चाक धरणारा मुलगा म्हणतो, "आता नको, येताना बघू." आणि येताना कोणीच बघत नाही.

त्यातही त्याचा पुरता दोष नाही. गौरी अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठावर पुजली जाते आणि मुळावर तिला निरोप दिला जातो. कोकणात पुष्कळ घरचे गणपती गौरीबरोबरच पाण्यात जातात. म्हणजे हजारो कुटुंबांची रजा एकाच दिवशी संपते आणि सगळ्यांच्या गाड्या एकाच वेळी मुंबईकडे तोंड करतात. माणगावच्या कोंडीत तीन तास गेले की मावशीकडे जायचं राहिलं, हे वडखळला आल्यावर आठवतं.

हा रस्ता कोकणी माणसाला नात्यांनी पाठ असतो. पेणला दरवर्षी मूर्ती पसंत करून देणारा कारखानदार ओळखीचा. महाडला मेव्हणा. खेडच्या भरणे नाक्यावर वडिलांबरोबर गिरणीत काम केलेल्या दोस्ताचं दुकान. चिपळूणला आत्या. आरवलीला गरम पाण्याची कुंडं, तिथे लहानपणी एकदा सगळ्या चुलत भावंडांनी पाय भाजून घेतलेले. तळेऱ्याच्या फाट्यावर शाळासोबती. साधारण पाचशे किलोमीटरच्या वाटेवर अशी आठ-दहा दारं सहज निघतात.

पूर्वी माणसांची गाठ वाटेतच आपोआप पडायची. आधीच्या पिढीतली माणसं भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं निघायची. जयगड, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरं घेत बोट जायची आणि अर्धी बोट ओळखीचीच असायची. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून काहीजण रेल्वेनं कोल्हापूर गाठून घाट उतरायचे. पुढे एसटी आली. अख्ख्या वाडीनं मिळून केलेल्या एसटीच्या आरक्षणात शेजारी, भाऊबंद, भजनी मंडळ असे सगळे एका गाडीत. वर्षभराच्या बातम्या पनवेल ते पोलादपूर एवढ्या वाटेत सांगून व्हायच्या. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि प्रवासाचा जाच पुष्कळ कमी झाला. मात्र रेल्वेला हातखंब्याला वळता येत नाही.

आता घरोघरी चारचाकी आली आहे. कुठेही थांबायची मोकळीक पहिल्यांदाच हातात आली, आणि नेमकं थांबणंच होत नाही.

याला रस्त्याचाही हात आहे. जुना राष्ट्रीय महामार्ग १७ फेररचनेत ६६ क्रमांकाचा झाला. त्याच्या चौपदरीकरणाला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. टप्पे पुरे होतील तसे उड्डाणपूल आणि वळणरस्ते गावाच्या डोक्यावरून किंवा बगलेनं जाऊ लागले. कशेडी घाटाची वळणं टाळणारे सुमारे दोन किलोमीटरचे जुळे बोगदे झाले. वेळ वाचतो, ओकाऱ्या टळतात, हे चांगलंच. पण भरणे नाका उड्डाणपुलाखाली राहिला की दोस्ताचं दुकान दिसतच नाही. दिसलं असतं तर गाडी आपसूक हळू झाली असती.

या रस्त्यानं माणसांना एकमेकांची काळजी करायलाही लावलं आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. जयगडहून मुंबईला आणि राजापूरहून बोरिवलीला निघालेल्या दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. मुंबईत आणि गावात ज्यानं त्यानं आपली माणसं मोजली. पुढच्या जूनमध्ये तिथे नवा पूल उभा राहिला.

गावात पोचल्यावर काय होतं? मूळ घरात एकच गणपती, आणि भाऊ चार ठिकाणी पांगलेले. चुली वेगळ्या, सातबारावर नावं वेगळी, बोलणंही कधी कधी बंद. तरी बऱ्याच घरांत गणपती एकच राहतो. "त्यांनी गणपती वेगळा केला" असं गावात कोणी म्हणालं, की भांडण फार पुढे गेलं असं समजावं. जिथे तो एक आहे तिथे गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायला दोघांचेही हात लागतात. तिला टांगायला कवंडळ आणि हरण कोण आणणार, यावरून मुलं पुन्हा बोलू लागतात. नव्या सुनेचा गौरीचा पहिला ओवसा असेल तर सुपं घेऊन नातेवाइकांकडे जावंच लागतं. रात्री वाडीतल्या घराघरांत आरती फिरते, भजनी मंडळाला काळ्या वाटाण्याची उसळ मिळते आणि वर्षभर तोंड न पाहिलेली माणसं एका पंक्तीला बसतात.

ही सोय गावातल्या माणसांची. वाटेवरच्या माणसांसाठी तिथी ठरलेली नाही. ती आपण ठरवायची.

त्यासाठी थोडीच तयारी लागते. दोन दिवस आधी फोन करावा, कारण सणाच्या तोंडावर दारात अचानक सहा माणसं उभी राहिली तर मावशीची धांदल होते. "जेवणार नाही, फक्त चहा" असं फोनवरच सांगावं आणि तिनं मोदकांचा डबा दिला तर निमूट घ्यावा. जमलं तर चतुर्थीच्या आदल्या दिवसाऐवजी दोन दिवस आधी निघावं. गर्दी कमी आणि कुणाच्या तरी ओटीवर तासभर बसायला सवड. जाताना एक घर, येताना एक घर, एवढंच पुरे. सगळी आठ दारं एकाच वर्षी गाठायला गेलात तर गणपती घरी आधी पोचेल आणि तुम्ही नंतर.

तेव्हा श्रोतेहो, यंदा निघण्यापूर्वी टायरमधली हवा बघाल, पावसासाठी वायपर बघाल. त्याच वेळी एक फोन करा. मागच्या सीटवरच्या माणसाला विचारा, कुणाकडे वळायचं ते.