चेहरे आणि नांवें



ज्युबिलीनिमित्त जुनीं छायाचित्रें चाळीत असतां आम्हांस जुन्नरपलीकडील घाटघराजवळच्या नाणेघाटाचें स्मरण झालें. तेथील लेण्यांत सातवाहन राजकुळाच्या मूर्ती कोरिलेल्या होत्या. सुमारे २,००० वर्षांत त्या भंगल्या. पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. परंतु १८२८ सालीं विल्यम साइक्स यांच्या दृष्टीस पडलेल्या ब्राह्मी लेखांत सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका हीं नांवें अद्यापि वाचतां येतात.

आमच्या पेटींतील स्थिति नेमकी उलटी. चेहरे स्पष्ट, नांवें नाहींत! पागोटें घातलेले एक वृद्ध गृहस्थ मंदिराच्या जुन्या दाराशीं उभे आहेत. तें दार आम्हींच काढविलें, आणि त्यापूर्वीं त्याचें एकही चित्र घेतलें नाहीं. गृहस्थ कोण, हें पांच घरीं विचारिलें. पांच उत्तरें आलीं. देव त्यांस नांवानें ओळखतो, यांत संशय नाहीं. अडचण आमची आहे: मिस्साबलिदान अर्पावयाचें तें कोणाच्या नांवें?

यास्तव येत्या रविवारीं सर्व वृद्धांचीं व पडावयास आलेल्या घरांचीं छायाचित्रें घ्यावयाचीं आहेत. कॅमेरा हल्लीं प्रत्येकाच्या खिशांतील फोनांतच असतो. मात्र चित्र कागदावर छापून घ्यावें आणि मागें नांव, ठिकाण व वर्ष पेन्सिलीनें लिहावें. शाई पुढल्या बाजूस उतरते.