पाळी जाताना आपल्या ताटात काय?

(बोरीवलीतल्या एका वस्तीत महिला मंडळाच्या बैठकीत केलेलं भाषण)



मागच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "लोकलमध्ये एकदम अंगातून वाफा निघतात, ब्लाऊज घामाने भिजतो. घरी सांगितलं तर म्हणतात, वय झालं तुझं." आपल्यातल्या अनेकींचं हेच आहे. म्हणून आज मोकळेपणी बोलू या.

पाळी जाणं हा आजार नाही. आपल्याकडे बहुतेकींची पाळी पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान थांबते. शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं, त्यातून वाफा, झोपमोड, चिडचिड होते. हाडंही झपाट्याने विरळ होतात. ते दिसत नाही, मनगट मोडलं की कळतं.

खाण्याने वाफा पूर्ण थांबतील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सोयाबीनने काहींना थोडा आराम पडतो, काहींना नाही. गरम चहाने, तिखटाने आपल्याला त्रास वाढतो का, हे आठवडाभर स्वतःच पाहा. त्रास फार असेल तर डॉक्टरांकडे औषधं आहेत, संकोच करू नका.

हाडांसाठी मात्र आहार मोठं काम करतो. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2020 साली सांगितलं. शंभर ग्रॅम नाचणीतून साधारण 350 मिळतं. जोडीला तीळ, दही, राजगिरा, सुका जवळा. शिवाय ऊन आणि रोजचं चालणं.

पण घरात दूध कुणाच्या पेल्यात जातं? शेवटी कोण जेवतं? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. नाचणीचे गुण सांगून हे बदलणार नाही, वाढण्याची रीत बदलावी लागेल.

आणखी एक. "कटकट नको, पिशवीच काढा," या सल्ल्याला घाईने हो म्हणू नका. बीडच्या ऊसतोड बायकांचं काय झालं, ते 2019 साली साऱ्या राज्याने पाहिलं. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर तरुण वयातच हे सगळे त्रास अंगावर येतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. उलट, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र लगेच तपासून घ्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आठवडाभर आपण काय खाल्लं आणि कुणानंतर खाल्लं, ते लिहून आणा. लिहिता येत नसेल तिने मुलीला सांगा. तीही शिकेल.