एक कोळी, अनेक धागे
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



कोळी आपल्याला अपरिचित नाही. कुराण शरीफमधील एका सूरहचे नावच 'अन्कबूत', म्हणजे कोळी. तरीही मी बी. ए., बी. एड. झालेला भाषेचा शिक्षक. कोळ्याच्या पोटात काय चालते हे मला कुठून ठाऊक असणार?

पावसाळ्यानंतर शाळेच्या कुंपणावर एका कोळ्याने जाळे विणले होते. नववीतल्या एका मुलीने त्याला बोट लावून विचारले, "सर, हा गोल फिरणारा धागा चिकटतो, मग मधून निघालेला सरळ धागा का चिकटत नाही? दोन्ही एकाच पोटातून आले ना?" मला उत्तर येईना. "उद्या सांगतो," म्हणालो आणि वाचायला बसलो.

अशा कोळ्याच्या मादीच्या पोटात रेशमाच्या सहा-सात प्रकारच्या ग्रंथी असतात. एकीतून जाळ्याच्या सांगाड्याचा मजबूत, कोरडा धागा निघतो. दुसरीतून फेऱ्यांचा लवचीक धागा, आणि त्यावरचा चिकट द्रव तिसरीतून. भक्ष्य गुंडाळण्याचा धागा वेगळ्या ग्रंथीचा. अंड्यांच्या कोशाची ग्रंथी तर अंडी घालण्याच्या सुमारासच भराला येते.

खरी गंमत पुढे आहे. या सर्व ग्रंथींच्या पेशींत जनुके तीच असतात! मग धागे निराळे कसे? दावतीची कल्पना करा. प्रत्येक चुलीपाशी पाककृतींची एकच वही ठेवली आहे. पण एका चुलीवर बिर्याणीचे पान उघडले, दुसरीवर शीरखुर्म्याचे. पेशी हव्या त्या पानाची नक्कल काढते, तिला आरएनए म्हणतात, आणि त्या नकलेवरून प्रथिन बनवते. यालाच जनुक व्यक्त होणे म्हणतात.

2017 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी सोनेरी जाळे विणणाऱ्या एका कोळ्याची सारी वही वाचली. रेशमाची 28 जनुके सापडली, आणि त्यांतले एक चक्क विषाच्या ग्रंथीत काम करताना आढळले! त्याच गोतातला मोठा कोळी आपल्या सह्याद्रीच्या रानातही जाळी विणतो.

मुलीला उत्तर मिळाले. काही दिवसांनी तिचे वडील भेटले. म्हणाले, "सर, दहावीनंतर तिला सायन्स नको. आमच्या रक्तातच ते नाही."

पालकहो, माणूस म्हणजे कोळी नव्हे आणि बुद्धी म्हणजे एखादी ग्रंथी नव्हे, हे मला कळते. पण 'रक्तात नाही' असे आपण ज्या खात्रीने म्हणतो, तितक्या खात्रीने विज्ञान बोलत नाही. जनुक असणे निराळे, ते कामाला लागणे निराळे. एवढे तर कोळीही शिकवतो. आणि जो प्रश्न मला इतक्या वर्षांत सुचला नाही, तो त्या मुलीला सुचला. तो कुणाच्या रक्तातून आला?

वडील "विचार करतो," म्हणाले. मुलगी आता दहावीत आहे. त्यांचा विचार अजून चालू आहे.

आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र आहे, पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, गणेशखिंडीत विद्यापीठ. ही ठिकाणे आपल्या घरापासून बसच्या तिकिटाइतकीच दूर आहेत. विद्यार्थी मित्रांनो, उद्या सकाळी कुंपणावरचे जाळे जरूर पाहा, पण मोडू नका. आणि पालकहो, मूल प्रश्न विचारील तेव्हा "गप्प बस" म्हणू नका; "उद्या सांगतो" म्हणा, आणि खरोखर सांगा.