मुलींच्या हाती कोणती बाहुली द्यावी?

(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



लहान मुलींना फॅशनच्या बाहुल्यांशी खेळू द्यावे की नाही, हा विषय कार्यवाहांनी आम्हांस दिला, तेव्हा प्रथमदर्शनी तो निव्वळ पोरखेळ वाटला. आम्ही मानसशास्त्राचे पंडित नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि फायलींत केस पिकवले, एवढीच आमची विद्वत्ता. तथापि निर्णय देण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे कागद वाचावेत, अशी सवय नोकरीने लावली आहे. त्याच सवयीने विषयात शिरलो आणि तो वाटला त्याहून बराच खोल निघाला.

प्रथम आपल्या घरच्या बाहुलीचा विचार करू. आमच्या पिढीच्या लहानपणी बहुधा दोनच प्रकारच्या बाहुल्या घरात असत. एक आजीने चिंध्यांची शिवलेली आणि दुसरी लाकडाची, रंगवलेली ठकी. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांमुळे ही परंपरा पुष्कळांना ठाऊक आहे. ठकी म्हणजे जवळजवळ एक ठोकळाच. तिला धड कंबर नाही, सुटे हातपाय नाहीत. मुली तिला न्हाऊ घालीत, रागे भरीत, भातुकलीतला भात भरवीत आणि शेजारच्या घरातील बाहुल्याशी तिचे लग्नही लावीत. परंतु आपण ठकीसारखे दिसावे, असे कोणत्याही मुलीच्या स्वप्नातही आले नसेल. या खेळात मुलगी थोर आणि बाहुली लहान असे. सूत्रे मुलीच्या हाती असत.

फॅशनच्या बाहुलीने हे नाते उलटे केले. या बाहुल्यांची अग्रणी बार्बी. १९५९ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्क येथील खेळण्यांच्या प्रदर्शनात ती प्रथम अवतरली. मॅटेल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या रूथ हँडलर यांनी आपल्या बार्बरा या कन्येवरून तिचे नाव ठेवले. जर्मनीत १९५५ पासून विकली जाणारी ‘लिली’ नावाची बाहुली त्यांच्यापुढे नमुन्यादाखल होती. लिली ही मुळात वर्तमानपत्रातील व्यंगचित्रमालिकेची नायिका असून ती प्रौढांसाठी तयार झाली होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. बार्बीची उंची जेमतेम साडेअकरा इंच. परंतु ती बाळ नव्हे, तरुण स्त्री आहे. पाच वर्षांची मुलगी तिची आई होऊ शकत नाही. ती तिच्याकडे मान वर करून पाहते.

मग ती काय पाहते? १९९६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी या बाहुलीची मापे माणसाच्या आकाराला लावून पाहिली. अशी ठेवण १ लाख स्त्रियांत एकीचीही आढळणे दुरापास्त, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. १९६३ साली या बाहुलीच्या एका संचात वजन घटविण्याविषयीचे एक चिमुकले पुस्तक होते आणि त्यातील उपदेशाचे सार ‘खाऊ नका’ एवढेच होते. १९६५ च्या दुसऱ्या एका संचातील वजनकाटा ११० पौंडांवर कायमचा अडकवलेला होता. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका अभ्यासात ५ ते ८ वर्षांच्या १६२ मुलींना निरनिराळी चित्रे दाखवण्यात आली. ज्यांनी बार्बीची चित्रे पाहिली, त्यांच्यापैकी लहान मुलींना आपल्या शरीराविषयी अधिक असमाधान वाटले आणि आपण याहून बारीक असावे, अशी इच्छा झाली. सर्वांत मोठ्या मुलींत असा तात्काळ परिणाम दिसला नाही. कंपनीनेही २०१६ साली उंच, ठेंगण्या आणि भरल्या अंगाच्या बाहुल्या बाजारात आणल्या. टीकेत तथ्य नसते, तर व्यापारी माणूस साचा बदलण्याचा खर्च सहसा करीत नाही.

आता दुसरी बाजू. हँडलरबाईंचा युक्तिवाद असा की, त्या काळी मुलींना बहुतेक तान्ह्या बाळांच्याच बाहुल्या मिळत, म्हणजे खेळातही आईपणाखेरीज दुसरी भूमिका नसे. मुलींनी आपल्या भावी आयुष्याचीही कल्पना करावी, असे त्यांना वाटे. हा मुद्दा सहज उडवून लावण्यासारखा नाही. आपल्या भातुकलीने तरी मुलींना चूल आणि लग्न यांपलीकडचे काय दाखवले? १९६५ साली, मनुष्य चंद्रावर उतरण्यापूर्वी चार वर्षे, बार्बी अंतराळवीराच्या वेषात आली होती. मात्र २०१४ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील एक प्रयोग येथे सांगणे अगत्याचे आहे. ४ ते ७ वर्षांच्या ३७ मुलींपैकी काहींना बार्बी आणि काहींना बटाट्याच्या आकाराचे एक खेळणे थोडा वेळ खेळावयास दिले. बार्बीशी खेळलेल्या मुलींनी मुलांना जितके व्यवसाय जमतील असे सांगितले, त्याहून कमी व्यवसाय स्वतःला जमतील असे सांगितले. बार्बीच्या अंगावर डॉक्टरचा पोशाख असूनही फरक पडला नाही. प्रयोग छोटा आहे, त्यावर वेदवाक्याचा भार घालू नये. परंतु पोशाख बदलल्याने बाहुलीची शिकवण बदलतेच असे नाही, एवढा बोध त्यातून घेता येतो.

तथापि सारा दोष बाहुलीच्या माथी मारून आपण मोकळे होऊ म्हटले, तर ते आम्हांस मान्य नाही. आमच्या परिचयाच्या एका घरी सात वर्षांची मुलगी रात्री पोळी नको म्हणू लागली. कारण विचारता, ‘पोट दिसतं’ असे उत्तर आले. त्या घरात फॅशनची एकही बाहुली नव्हती. पाहुण्याबायका मात्र वरचेवर येत आणि ‘वहिनी, हिचा रंग थोडा उजळ हवा होता’, ‘आताच आवरा हो हिला, पुढे जड जाईल’ असे शेरे तिच्या देखत मारीत. विवाहमंडळाच्या यादीत ‘गोरी, सडपातळ’ हे शब्द छापणारेही आपणच. बाहुली बिचारी मुकी असते. आपण मुके नसतो. मुलीच्या मनात आधी आपण रेघ ओढतो, बाहुली ती गडद करते.

सबब आमचा अभिप्राय असा. बाहुलीवर बंदी घालू नये. बंदी घातलेल्या वस्तूची गोडी वाढते. परंतु सहा-सात वर्षांच्या आत ही बाहुली आपण होऊन देऊ नये. पुढे मुलीने मागितलीच तर द्यावी, मात्र तिला एकटीला राज्य देऊ नये. शेजारी चिंध्यांची बाहुली, प्राणी, ठोकळे, चेंडूही असावेत. तयार कपड्यांचे संच विकत आणण्याऐवजी सुई-दोरा द्यावा. धावदोरा घालून स्वतः शिवलेले परकर-पोलके बाहुलीला चढवले की सूत्रे पुन्हा मुलीच्या हाती येतात. अधूनमधून आपणही खेळात बसावे आणि ‘अशा कंबरेची बाई तू कुठे पाहिलीस?’ असे हसत हसत विचारावे. मुली याचे उत्तर फार चोख देतात. आणि घरात मुलीच्या रंगावर अथवा बांध्यावर कोणी शेरा मारला, तर पाहुण्याची भीड न धरता, तिच्या समक्षच तो थांबवावा.

मंडळासही एक विनंती आहे. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्या मुलांना ठकी आणि भातुकली आता शब्दकोशातच भेटण्याची वेळ आली आहे. मंडळातील आजीबाईंनी सुट्टीच्या दिवसांत मुलींना, आणि मुलांनाही, चिंध्यांची बाहुली करावयास शिकवावे. शंकर पिल्लई यांनी १९६५ साली दिल्लीत उभारलेल्या बाहुल्यांच्या संग्रहालयाची सहलही त्यास जोडता येईल. बाहुल्यांची रूपे किती निरनिराळी असू शकतात, हे तेथे मुलांना पाहून कळेल.