रक्ताचा वारसा

मनुष्याचे शरीर कितीही गुंतागुंतीचे वाटले तरी त्याचा आरंभ एकाच पेशीतून होतो. एकीच्या दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ, असे विभाजन होता होता हाडे, स्नायू, मेंदू आणि हृदय ही सिद्ध होतात. प्रत्येक विभाजनापूर्वी पेशीकेंद्रातील ४६ गुणसूत्रांची नक्कल होते व दोन्ही नव्या पेशींना पूर्ण संच मिळतो. स्त्रीबीज व शुक्रबीज घडताना मात्र हा नियम बदलतो. तेथे प्रत्येक जोडीतील एकच गुणसूत्र पुढे जाते. आईची २३ व वडिलांची २३ मिळून अपत्याची ४६ पुरी होतात. घरादाराची वाटणी माणसे करतात. ही वाटणी निसर्ग करतो, आणि तीत कोणाच्या इच्छेला स्थान नसते.

ही वाटणी किती सूक्ष्म, आणि तिचे परिणाम केवढे, हे पाहावयास इंदूरकरांना फार दूर जावयास नको. झाबुआ, आलीराजपूर, धार, बडवानी हे भिल्ल-भिलाला वस्तीचे जिल्हे आणि बडवानीला लागून असलेला महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्हा, या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात अवघा एक बदल होतो. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या १४६ घटकांच्या साखळीतील सहावा घटक बदलतो. एवढ्याने वाटोळी तांबडी पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारखी वाकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते; ही जेमतेम १० ते २० दिवस. अस्थिमज्जेला ही तूट भरून काढता येत नाही, म्हणून रक्तक्षय होतो. वाकलेल्या पेशी सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडांत असह्य कळा उठतात. प्लीहा निकामी होते आणि साधा संसर्गही बालकाच्या जिवावर बेततो.

असे मूल जन्मले की पुष्कळदा दोष सुनेच्या माथी मारला जातो. शरीरशास्त्राला हा निवाडा मान्य नाही. सदोष जनुक दोघांकडूनही आले तरच हा आजार होतो. एकाकडूनच आल्यास अपत्य केवळ वाहक ठरते व बहुधा धडधाकट राहते. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी आजारी मुलाची शक्यता चारांत एक, वाहकाची चारांत दोन व पूर्णतः निर्दोष मुलाची चारांत एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब कोणी करू नये. निसर्ग दर वेळी वाटणी नव्याने मांडतो.

वाहक असणे हा कलंकही नव्हे. एकच सदोष जनुक असलेल्यांना हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून बरेच संरक्षण मिळते. हिवतापाच्या रानात हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते याच कारणाने.

१५ नोव्हेंबर २०२१ रोजी मध्य प्रदेशात आलीराजपूर व झाबुआ येथून तपासणीचा उपक्रम सुरू झाला. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत या विकाराचे निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट. तपासणीनंतर मिळणाऱ्या पत्रिकेवरून वधूवरांना आपली स्थिती कळते. हायड्रॉक्सीयुरियासारख्या औषधाने रुग्णांच्या वेदनांचे झटके कमी करता येतात.

विवाहापूर्वी ग्रहांच्या पत्रिका पाहणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्या शेजारी रक्ताची पत्रिकाही ठेवली जावी. ती पाहून कोणा मुलीचे स्थळ मोडावे, यासाठी ती नाही. वाहकाचा विवाह वाहक नसलेल्या व्यक्तीशी झाल्यास अपत्यांना हा आजार होत नाही. दोघेही वाहक असून विवाह झालेला असेल, तर त्यांनी गर्भधारणेपूर्वीच वैद्यकीय सल्ला घ्यावा. वारसा निवडणे मनुष्याच्या हाती नाही. तो ओळखणे मात्र आता त्याच्या हाती आले आहे.